रोजचे १०६ किलोमीटर

ख्रिस आणि एरिन राटे हे अमेरिकी दांपत्य २१ मे १९९९ रोजी मोरोक्कोतून दोन मोटारसायकलींवर निघाले आणि सहा खंडांतील ५० देश पालथे घालून ६ ऑगस्ट २००३ रोजी न्यू यॉर्कमधील आपल्या घरी परतले, तेव्हा त्यांनी १,६३,०६१ किलोमीटर अंतर कापले होते आणि जोडप्याने दोन मोटारसायकलींवर केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणून गिनेसने त्याची नोंद घेतली. हा आकडा छाती दडपून टाकणारा असला, तरी त्याला एकूण दिवसांनी भागले असता रोजची सरासरी अवघी १०६ किलोमीटर येते, म्हणजे मुंबईहून पुणे गाठण्याइतकीही नाही. याउलट ब्रिटनच्या केव्हिन आणि ज्युलिया सँडर्स या दांपत्याने २००२ मध्ये एकाच मोटारसायकलवरून सुमारे ३१ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा वीस दिवसांच्या आत पूर्ण केली आणि त्यांची सरासरी रोजच्या दीड हजार किलोमीटरच्याही वर गेली. दोन्ही विक्रम जोडप्यांचेच आहेत, पण त्यांची जातकुळी निराळी आहे. सँडर्स दांपत्याने पाहिली ती सहनशक्तीची कसोटी होती, तर राटे दांपत्याने चार वर्षे रस्त्यावर संसार केला, आणि त्या संसारात गाडी चालवणे हे अनेक कामांपैकी एक काम होते. सरासरी एवढी खाली कशी येते आणि उरलेला वेळ कुठे जातो, याचा शोध घेतला की बहुखंडी मोटारसायकल प्रवासाचे खरे स्वरूप उलगडत जाते.

मोटारसायकलवरून जगभर जाण्याची हौस स्वतः मोटारसायकलइतकीच जुनी म्हणावी लागेल. अमेरिकेच्या कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी याने १९१२-१३ मध्ये चार सिलिंडरच्या हेंडरसन गाडीवरून जगप्रवास केला, आणि तो मोटारसायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मानला जातो. सोबत निघालेला जोडीदार मात्र युरोपातच मागे राहिला. त्या काळातील जोडीच्या प्रवासात दुसऱ्या व्यक्तीची जागा बहुधा साइडकारमध्ये, म्हणजे गाडीच्या बाजूला जोडलेल्या एकचाकी बैठकीत असे. एफी हॉचकिस या तरुणीने १९१५ मध्ये आपल्या आईला अशा साइडकारमध्ये बसवून न्यू यॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को आणि परत असा प्रवास केला, तर थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोन ब्रिटिश स्त्रियांनी १९३४-३५ मध्ये साइडकार आणि मागे जोडलेला ट्रेलर असा जामानिमा घेऊन लंडनहून सहारा ओलांडत केपटाउन गाठले. पती पुढे आणि पत्नी मागे अशी डबलसीट मांडणी नंतर रूढ झाली, आणि स्त्रीने स्वतःची गाडी स्वतः चालवत बरोबरीने जगप्रवास करणे ही त्याहून अलीकडची गोष्ट आहे. गुंतवणूकदार जिम रॉजर्स आणि त्यांची सहप्रवासी टॅबिथा एस्टाब्रुक यांनी १९९० ते १९९२ या काळात दोन बीएमडब्ल्यू मोटारसायकलींवर सहा खंड पालथे घातले, आणि त्या प्रवासावरील रॉजर्स यांचे पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर दोघांच्या दोन गाड्या ही कल्पना सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली.

एक गाडी की दोन

जोडप्याला घ्यावा लागणारा पहिला निर्णय हाच असतो, आणि पुढची बहुतेक गणिते त्यावर ठरतात. एका गाडीवर डबलसीट जाण्याचे फायदे उघड आहेत: एकच टाकी भरायची, एकाच गाडीचे टायर बदलायचे, जहाजाचे भाडे आणि सीमेवरचे कागद एकाच गाडीचे. ऑस्ट्रेलियाच्या पीटर आणि केय फॉरवुड यांनी १९९० च्या दशकात घेतलेल्या एकाच हार्ले-डेव्हिडसन इलेक्ट्रा ग्लाइड गाडीवर हा मार्ग पत्करला आणि पुढच्या काळात ती गाडी जगातील १९३ देशांत नेली. त्या प्रवासाच्या मोठ्या भागात केय मागच्या सीटवर होत्या. इलेक्ट्रा ग्लाइडचे स्वतःचे वजनच साडेतीनशे किलोच्या आसपास भरते, आणि त्यात दोन माणसे, तंबू, कपडे, हत्यारे व सुटे भाग यांची भर पडली की सगळा भार मागच्या चाकावर येतो. अशा वेळी मागचे सस्पेन्शन, म्हणजे खड्ड्यांचे धक्के पेलणारी स्प्रिंगची यंत्रणा, आवळून घट्ट करावी लागते, टायरमधील हवा वाढवावी लागते, आणि तरीही पुढचे चाक हलके पडल्यामुळे वाळूत किंवा खडीवर गाडी भरकटण्याची धास्ती राहते. चिखलात आडवी झालेली अशी गाडी दोघांनी मिळूनही उचलणे कठीण जाते.

दोन गाड्या घेतल्या की वजन विभागले जाते, खराब रस्त्यावर दोघांनाही मोकळेपणा मिळतो आणि एक गाडी बंद पडली तर दुसरीवरून मदत आणता येते. पण खर्च जवळपास दुपटीला जातो आणि दोन यंत्रांचे स्वभाव एकमेकांशी जुळवून घ्यावे लागतात. राटे दांपत्याच्या गाड्या याचे चांगले उदाहरण आहेत. ख्रिस यांची बीएमडब्ल्यू आर १०० जीएस पीडी ही पॅरिस-डकार शर्यतीच्या नावाने निघालेली, ३५ लिटरची अवाढव्य टाकी असलेली गाडी होती, तर एरिन यांच्या एफ ६५० या आटोपशीर गाडीच्या टाकीत त्याच्या निम्मेच पेट्रोल मावत असे. पेट्रोलपंप दूरदूर असलेल्या प्रदेशात जोडीचा पल्ला लहान टाकीवर ठरतो, त्यामुळे मोठ्या टाकीचा खरा उपयोग नळी लावून दुसऱ्या गाडीला पेट्रोल देण्यासाठीच होतो. ख्रिस यांच्या गाडीत इंजिनाची शक्ती मागच्या चाकाकडे शाफ्टने, म्हणजे बंद नळकांड्यात फिरणाऱ्या दांड्याने जात होती, आणि तिला दैनंदिन देखभाल फारशी लागत नसे. एरिन यांच्या गाडीला मात्र उघडी चेन होती, जी धूळ-पावसात दर काही शे किलोमीटरवर पुसून तिला वंगण द्यावे लागते आणि ताणही तपासावा लागतो. पुढच्या चाकांचा व्यासही एकीचा २१ इंच आणि दुसरीचा १९ इंच असल्यामुळे त्यांचे टायरही वेगवेगळे घेणे भाग होते. म्हणूनच आज अनेक जोडपी एकाच बनावटीच्या दोन गाड्या घेणे पसंत करतात, कारण तेव्हा हत्यारांचा एकच संच आणि सुट्या भागांचा एकच साठा दोघांना पुरतो, आणि अगदीच अडले तर एका गाडीचा भाग काढून दुसरीला लावून निदान बिघाड नेमका कुठे आहे हे तरी कळते.

सीमेवरचा दिवस

या प्रवासातला बराचसा वेळ कागदपत्रे खातात. परदेशी वाहन देशात आले की ते तिथेच विकले जाऊन सीमाशुल्क बुडू नये, ही प्रत्येक सरकारची चिंता असते, आणि तिच्यावर शोधलेला उपाय म्हणजे कार्नेट. कार्नेट हे वाहनाचे पारपत्रच म्हणता येईल: प्रवाशाच्या देशातील मान्यताप्राप्त मोटार संघटना ते देते आणि वाहन परत बाहेर नेले जाईल अशी हमी घेते, तर स्वतःच्या संरक्षणासाठी ती प्रवाशाकडून अनामत रक्कम किंवा बँकेची हमी मागते. या पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना सीमाशुल्क अधिकारी एक भाग फाडून घेतो, देश सोडताना दुसरा भाग काढून घेतला जातो आणि पुस्तिकेत उरलेल्या तिसऱ्या भागावर प्रवेश व निर्गमन अशा दोन्ही वेळचे शिक्के उमटलेले असावे लागतात. बाहेर पडतानाचा एखादा शिक्का राहून गेला, तर वाहन अजून त्याच देशात आहे असे कागदोपत्री ठरते आणि अनामत रक्कम धोक्यात येते. भारत, पाकिस्तान, इराण, नेपाळ, इजिप्त, ऑस्ट्रेलिया अशा देशांत कार्नेट मागितले जाते. युरोपात आणि अमेरिका खंडांतील बहुतेक देशांत मात्र सीमेवरच मिळणारा तात्पुरता आयात परवाना पुरतो. दोन गाड्या म्हणजे दोन कार्नेट आणि दोन अनामत रकमा, त्यामुळे एक गाडी की दोन या प्रश्नाचे उत्तर बँकेच्या खात्यातूनही द्यावे लागते.

जोडीचा सर्वांत मोठा लाभ सीमेवर दिसून येतो. एकट्या प्रवाशाला पारपत्र, सीमाशुल्क, विमा आणि परकीय चलन अशा खिडक्यांमध्ये फिरताना भरलेली गाडी बाहेर सोडून जावे लागते, तर जोडप्यातील एक जण गाड्यांपाशी थांबतो आणि दुसरा कागद घेऊन आत जातो. कोणी बाहेर थांबायचे आणि कोणी आत जायचे, हे काही दिवसांतच आपोआप ठरून जाते. ज्याला भाषेचा अडसर वाटत नाही आणि ज्याचा आवाज लवकर चढत नाही त्याने खिडकीपुढे उभे राहावे, हा दीर्घ प्रवासातील अनुभवी जोडप्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. मात्र कार्नेट आणि नोंदणी ज्याच्या नावावर असते त्याची उपस्थिती अधिकारी मागू शकतो, त्यामुळे गाडी पती किंवा पत्नीपैकी कोणाच्याही नावावर असली तरी दुसऱ्याला ती चालवण्याचे अधिकारपत्र कागदपत्रांच्या थैलीत असावे लागते.

जिथे रस्ताच संपतो

नकाशावर अलास्कातील प्रूडो बे पासून अर्जेंटिनातील उशुआइयापर्यंत सुमारे ३० हजार किलोमीटरचा पॅन-अमेरिकन महामार्ग सलग दिसत असला, तरी पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये तो सुमारे शंभर किलोमीटर तुटलेला आहे. दारिएन गॅप या नावाने ओळखला जाणारा हा दलदलीचा आणि घनदाट अरण्याचा पट्टा ओलांडायचा, तर गाडी बोटीने किंवा विमानाने न्यावी लागते. अनेक वर्षे श्टालराटे नावाचे १९०३ मध्ये बांधलेले एक शिडाचे जहाज मोटारसायकली आणि त्यांच्या स्वारांना पनामाहून कोलंबियातील कार्ताहेनापर्यंत नेत असे. इतरांनी विमानाचा मार्ग धरला, आणि महासागर ओलांडताना तर तो किंवा जहाजाचा कंटेनर यांना पर्यायच नसतो.

गाडी विमानाने पाठवणे हा एक स्वतंत्र उद्योग आहे. हवाई मालवाहतुकीत केवळ प्रत्यक्ष वजन न मोजता आकारमानावरूनही भाडे ठरते. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ६,००० ने भागले की जो आकडा येतो तो किलोमधले वजन धरला जातो आणि प्रत्यक्ष वजनापेक्षा तो अधिक भरला तर भाडे त्याच्यावर आकारले जाते. त्यामुळे लाकडी खोक्यात गाडी बसवताना पुढचे चाक सोडवून बाजूला ठेवणे, हँडल सैल करून खाली पाडणे, आरसे आणि वाऱ्याची काच काढणे आणि बाजूच्या पेट्या उरलेल्या पोकळीत बसवणे या कामात अर्धा दिवस सहज जातो. दहा सेंटिमीटर उंची कमी झाली तरी ती पैशांत दिसते. टाकीतील पेट्रोल काढावे लागते, बॅटरीच्या तारा सोडवाव्या लागतात आणि मोटारसायकल धोकादायक मालाच्या वर्गात मोडत असल्यामुळे तसे घोषणापत्र भरावे लागते. ऑस्ट्रेलियात परक्या मातीतून बी-बियाणे आणि रोगजंतू शिरू नयेत म्हणून गाडीची काटेकोर तपासणी होते, तेव्हा जोडपी आधीच्या देशात इंजिनाखालच्या पत्र्यापासून टायरच्या खाचांपर्यंत सगळा चिखल दात घासायच्या ब्रशने काढताना दिसतात, कारण तपासणीत माती सापडली तर बंदरातच पुन्हा सफाई करून घेऊन तिचे पैसे मोजावे लागतात. अशी एक समुद्रपार वाहतूक म्हटली की खोका मिळवणे, दलाल गाठणे, गाडी पोहोचेपर्यंत थांबणे आणि ती सोडवून घेणे यात आठवडे जाऊ शकतात, आणि त्या काळात प्रवासाच्या हिशोबात एकही किलोमीटर जमा होत नाही.

उंची, वारा आणि देह

रस्त्यावर असतानाही वेग बेताचाच राहतो. बोलिव्हियातील सालार दे उयुनी हे दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठे मिठाचे पठार समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे, तर ताजिकिस्तानातील पामीर महामार्गावरची आक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर हवा विरळ होते आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत, म्हणजे ज्यांत पेट्रोल आणि हवेचे मिश्रण एका साध्या यांत्रिक भागाने ठरते त्यांत, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडून इंजिन काळा धूर ओकू लागते आणि त्याची ताकद घटते. माणसाच्या देहाचीही तीच गत होते: डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही उंचीच्या आजाराची लक्षणे दोघांपैकी एकालाच झाली तरी दोघांना थांबावे किंवा खाली उतरावे लागते. पॅटागोनियात वाऱ्याचा जोर इतका असतो की सरळ रस्त्यावरही गाडी वाऱ्याच्या दिशेने तिरकी करूनच चालवावी लागते, आणि समोरून मालमोटार गेली की क्षणभर तुटलेला तो दाब पुन्हा आदळतो, तेव्हा तोल सांभाळताना खांदे भरून येतात.

अपघाताची शक्यता कोणत्याही तयारीने शून्यावर येत नाही. २००३ मध्ये घर सोडून निघालेल्या सायमन आणि लिसा थॉमस या ब्रिटिश दांपत्याच्या प्रवासात अ‍ॅमेझॉनच्या जंगलात सायमन यांच्या मानेचे हाड मोडले. उपचारांनंतर दोघांनी प्रवास पुढे चालू ठेवला, पण अशा प्रसंगी दुसरी व्यक्ती जवळ असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. अंधारात गाडी चालवायची नाही आणि दोघांपैकी जो अधिक थकलेला असेल त्याच्या मापाने दिवस संपवायचा, हे दोन नियम बहुतेक दीर्घप्रवासी जोडपी कसोशीने पाळतात. पहिला नियम खड्डे, जनावरे आणि दिव्याविना धावणारी वाहने यांच्यासाठी आहे. दुसरा अधिक अवघड आहे, कारण थकलेला माणूस ते कबूल करायला तयार नसतो आणि ताजातवाना माणूस थांबायला राजी नसतो. हेल्मेटमध्ये बसवलेल्या ब्लूटूथ यंत्रामुळे आज दोन गाड्यांवरील स्वार चालता चालता बोलू शकतात. त्याआधी हाताच्या खुणा, हॉर्न आणि आरशात सतत ठेवलेली नजर यांवरच भिस्त होती, आणि मागची गाडी दिसेनाशी झाली तर पुढच्याने किती वेळाने परत फिरायचे हे सकाळीच ठरवून निघावे लागे.

भारतातून निघताना

महाराष्ट्राला अशा धाडसाची परंपरा नवी नाही. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे पारशी तरुण १९२३ मध्ये मुंबईहून सायकलवर निघून १९२८ मध्ये जगप्रदक्षिणा पुरी करून परतले होते. आज भारतीय नोंदणीची मोटारसायकल घेऊन निघणाऱ्या जोडप्याला कार्नेटसाठी मुंबईतच सोय आहे, कारण १९१९ मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन हे काम करते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओकडून मिळतो, पण त्याची मुदत एकच वर्ष असते, कार्नेटही एकाच वर्षाचे असते, आणि गाडीवर भारताची ओळख म्हणून आयएनडी ही अक्षरे लावावी लागतात. आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराचा धोका असलेल्या देशांतून सहा दिवसांच्या आत भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे लसीचा दाखला नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते, म्हणून ती लस निघण्यापूर्वीच घेतलेली बरी. भारतीय पारपत्रावर बहुतेक देशांचे व्हिसा आधी काढावे लागतात. शेंगेन गटातील युरोपीय देशांत तर कोणत्याही १८० दिवसांपैकी जास्तीत जास्त ९० दिवसच राहता येते. अमेरिकी दांपत्याला वाटेत मनाजोगते थांबता आले, पण भारतीय जोडप्याचा मुक्काम किती हे बऱ्याचदा व्हिसाची तारीख ठरवते.

त्याहून मोठी अडचण भूगोलाची नसून राजकारणाची आहे. युरोपातून तुर्कस्तान, इराण आणि पाकिस्तानमार्गे अटारीला उतरणारा जुना खुष्कीचा मार्ग एप्रिल २०२५ मध्ये भारताने तेथील चौकी बंद केल्यापासून तुटला आहे. मणिपूरमधील मोरेहून म्यानमारमध्ये शिरण्याची वाट २०१३ पासून काही वर्षे वाटाड्यासह खुली होती, पण २०२१ च्या लष्करी उठावानंतर परदेशी मोटारसायकलस्वारांना तिचा भरवसा राहिलेला नाही. चीनमध्ये स्वतःची गाडी न्यायची तर सरकारमान्य मार्गदर्शक आणि तात्पुरती नंबरप्लेट अनिवार्य आहे, आणि त्याचा खर्च इतका येतो की अनेक जण गटाने जाऊन तो वाटून घेतात. त्यामुळे नेपाळ आणि तिबेटमार्गे मध्य आशियात उतरणे किंवा न्हावा शेव्यातून कंटेनरने गाडी आखाती बंदरावर पाठवून तिथून पुढे जाणे, एवढेच मुख्य पर्याय उरतात. राटे दांपत्याने पाहिलेले जग आज त्याच क्रमाने पाहता येईलच असे नाही, आणि आज खुला असलेला रस्ता पाच वर्षांनी खुला राहीलच याचीही हमी कोणी देऊ शकत नाही.

म्हणून अशा प्रवासाची तयारी करणाऱ्या जोडप्याने गाडीच्या अश्वशक्तीपेक्षा आपल्या दोघांच्या निर्णयपद्धतीची चाचणी आधी घ्यावी, हे अधिक शहाणपणाचे ठरते. कार्नेटची अनामत रक्कम अडकवण्यापूर्वी, जे सामान परदेशात न्यायचे तेच सगळे गाडीवर लादून लडाख, स्पिती किंवा ईशान्य भारतात महिनाभर फिरून यावे. भर पावसात पंक्चर काढताना, बंद खिंडीपाशी दोन दिवस खोळंबताना आणि पैसे ठरल्यापेक्षा लवकर संपताना कोण काय बोलते आणि कोण माघार घेते, हे त्या महिन्यात कळून येते. यंत्रातील दोष दुरुस्त करता येतात आणि कागद पुन्हा मिळवता येतात. पण पुढे जाण्याची इच्छा दोघांपैकी एकाचीच असेल, तर ते पहिल्या सीमेआधी कळलेले बरे.